विमानातून उतरल्यावर कुठं जायचं?

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी मासळी साफ करत असाल, कुणी गटाचं रजिस्टर घेऊन बसला असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडं द्या. मुलांची वही आणि पेन्सिल मात्र जवळ असू द्या. शेवटी पाच गोष्टी लिहून घ्यायला सांगणार आहे.

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे, विमानातून उतरल्यावर काय करायचं. "विमानात बसायचं ठिकाण नाही आणि उतरायचं काय शिकवता ताई?" असं मला एका बैठकीत विचारलंही होतं. पण २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुटायला लागली. आता आपल्याच दारातून माणसं गोव्याला, कोचीला, दिल्लीला जातात. गेल्या काही महिन्यांत पाच-सहा गटांनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, गोव्याला विमानानं जायचं म्हटलं तर जमेल का?" म्हणून हे बोलणं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. विमानतळावर बाई गोंधळते ती अडाणी असते म्हणून नाही. तिला तिथला क्रम कुणी सांगितलेला नसतो म्हणून गोंधळते. एसटी स्टँडवर आपण कधी गोंधळतो का? नाही. कारण फलाट कुठला, कंडक्टर कधी येतो, सुट्टे पैसे कधी काढायचे, हे लहानपणापासून माहीत असतं. विमानतळसुद्धा स्टँडच आहे. फरक इतकाच की तिथं प्रत्येक गोष्ट ठरलेल्या क्रमानं होते आणि काही दारं एकदा ओलांडली की परत आत येता येत नाही. हा क्रम समजला की निम्मी भीती तिथंच जाते.

यंदा फेब्रुवारीत आम्ही दोन गटांच्या मिळून बारा जणी नवी मुंबईहून गोव्याला, मोपाच्या विमानतळावर उतरलो. त्यातल्या दहा जणी पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या. चार दिवस राहून आलो. त्या अनुभवातून जे कामाचं आहे ते सांगते.

पहिला प्रश्न पैशाचा. सहलीसाठी गटातून कर्ज घ्यायचं नाही, असा ठराव आम्ही पहिल्याच बैठकीत केला. अंतर्गत कर्ज हे आजारपणाला, शिक्षणाला, धंद्याला. फिरण्यासाठी वेगळा डबा. दर महिन्याला प्रत्येकीनं ४०० रुपये, असे १८ महिने. प्रत्येकीचे ७,२०० रुपये झाले. गटाच्या बचतीच्या खात्यात हे पैसे मिसळले नाहीत, त्यांची वही वेगळी ठेवली. कुणाला मध्येच सोडायचं असेल तर तिचे पैसे परत मिळतील, हेही लिहून ठेवलं. एकीच्या सुनेचं बाळंतपण आलं, तिनं पैसे परत घेतले. काही वाद झाला नाही, कारण नियम आधी लिहिलेला होता.

विमानाचं तिकीट एसटीसारखं ठरावीक नसतं. ते रोज बदलतं. नाताळ, शिमगा, मे महिन्याची सुट्टी, अशा वेळी भाव चढतो. दोन-अडीच महिने आधी, मधल्या वारी काढलं तर बरं पडतं. आणि ज्यांना दोन्ही वेळचं विमान परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. पनवेलहून मांडवी एक्सप्रेसनं थिवीला उतरता येतं. एक बाजू रेल्वेनं, एक बाजू विमानानं असंही करता येतं. तिकीट काढताना खुर्ची निवडायला वेगळे पैसे मागतात. ते द्यायलाच पाहिजेत असं नाही. न निवडता पुढं गेलात तरी चेक-इनच्या वेळी खुर्ची मिळतेच, फक्त सगळ्या जणी शेजारी-शेजारी येतील याची खात्री नाही. सव्वा तासाचा प्रवास, वेगळं बसलं म्हणून काही बिघडत नाही.

आता बायकांचा खास घोळ, तो म्हणजे नाव. आधारवर सासरचं नाव, निवडणूक ओळखपत्रावर माहेरचं, आणि तिकिटावर मुलानं घाईत तिसरंच टाकलेलं. विमानतळाच्या पहिल्याच दारावर तिकीट आणि ओळखपत्र जुळवून बघतात. म्हणून जे ओळखपत्र हातात घेऊन जाणार, त्यावर आहे तसंच नाव तिकिटावर हवं. आमच्या गटातल्या चौघींची नावं जुळत नव्हती. तिकीट काढायच्या आधीच बघितलं म्हणून निभावलं. तिकीट निघाल्यावर नाव बदलायला पैसेही जातात आणि डोकंही.

सामानाचं थोडक्यात. बहुतेक देशांतर्गत तिकिटावर हातात ७ किलो आणि पोटातल्या सामानात १५ किलो नेता येतं. पोटातलं सामान म्हणजे जे काउंटरवर देतो आणि उतरल्यावर पट्ट्यावर मिळतं. सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेलामुळं ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. आपल्याकडं वाटपाला, प्रसादाला खोबऱ्याची वाटी पिशवीत असतेच, ती आठवणीनं काढा. विळी, सुरी, कात्री, अडकित्ता हातातल्या पिशवीत नको. काडेपेटी तर कुठंच नको. मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच ठेवायची, काउंटरवर द्यायच्या बॅगेत टाकायची नाही. लोणचं न्यायचं असेल तर चार पिशव्यांत बांधून पोटातल्या सामानात.

तपासणीची बायकांना फार धास्ती असते. "अंगाला हात लावतात म्हणे." तर ऐका. बायकांची रांग वेगळी असते, तपासणी पडद्याआड होते आणि तपासणारी बाईच असते, गणवेशातली. मंगळसूत्र, बांगड्या काढून ठेवायला सहसा सांगत नाहीत. आपल्यातल्या एक आजी तर तपासणाऱ्या मुलीला विचारून आल्या, "पोरी, गाव कंचा तुझा?" ज्यांना जास्त चालवत नाही त्यांच्यासाठी विमान कंपनी चाकाची खुर्ची देते. तिकीट काढताना तशी नोंद करायची. त्यात कमीपणा काही नाही. विमानतळाचा आकार तिकिटातच धरलेला असतो. म्हणजे तिथली बसायची खुर्ची, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह या सगळ्याचे पैसे आपण भरलेले असतात. अंग चोरून एका कोपऱ्यात उभं राहायचं कारण नाही.

आता विमान वर गेलं आणि खाली यायला लागलं. खाली येताना कान दडे बसल्यासारखे होतात. तोंडात गोळी, आवळा सुपारी, गूळ काहीतरी ठेवायचं आणि आवंढा गिळत राहायचं. लहान मूल असेल तर त्याला पाजायचं. चाकं जमिनीला लागली की मोठा आवाज होतो, धक्का बसतो. ते ठीकच असतं. आमच्यातल्या दोघींनी तेव्हा एकमेकींचे हात इतके घट्ट धरले की बांगडी फुटली. नंतर त्याच दोघी सगळ्यात मोठ्यानं हसल्या.

इथून खरा विषय सुरू. विमान थांबलं की सगळे एकदम उठून उभे राहतात. तुम्ही बसून राहा. दार उघडायला वेळ लागतो. उठणारे आणि बसणारे, सगळे शेवटी बॅगेच्या पट्ट्यापाशी एकत्रच उभे असतात. उठायच्या आधी खुर्चीखाली, पुढच्या खिशात, डोक्यावरच्या कप्प्यात बघा. चष्मा, पर्स, फोन. विमानातच फोन चालू करून ठेवा. आणि बोर्डिंग पास फाडू नका, टाकू नका. त्याच्या मागं तुमच्या बॅगेचा छोटा चिकटवलेला कागद असतो. तो कागद म्हणजे तुमच्या बॅगेची पावती.

बाहेर आलात की एकच पाटी शोधायची. सामान कुठं मिळतं ती. त्यावर बॅगेचं चित्र असतं. वाचता आलं नाही तरी चित्र कळतं. शिवाय तुमच्या विमानातली सगळी माणसं तिकडंच चाललेली असतात. पण माणसांच्या मागं जाताना एक काळजी घ्यायची. काही जणांकडं फक्त हातातलीच पिशवी असते, ते थेट बाहेरच्या दाराकडं जातात. त्यांच्या मागं गेलात तर बॅग आत आणि तुम्ही बाहेर.

हे मी उगाच सांगत नाही. आपल्याच भागातल्या एक मावशी मागं एकदा मुलाबरोबर गोव्याला गेल्या होत्या. उतरल्यावर मुलगा म्हणाला, "आई, इथंच थांब, मी आलो." तो गेला. मावशी थोडा वेळ थांबल्या, मग लोक चालले म्हणून त्यांच्या मागं चालत राहिल्या आणि दारातून बाहेर गेल्या. परत आत येऊ देईनात, तसा नियमच आहे. तिकीट मुलाच्या फोनमध्ये. त्यांचा स्वतःचा फोन मुलाच्या बॅगेत. मुलाचा नंबर पाठ नाही. पाऊण तास त्या उन्हात कठड्याला धरून उभ्या होत्या. मुलगा सापडला, सगळं ठीक झालं. पण घरी आल्यावर वर्षभर त्यांची चेष्टा झाली, "आई हरवली विमानतळावर." आणि मावशींनी ठरवून टाकलं, परत कुठं जायचं नाही.

मैत्रिणींनो, यात चूक मावशींची नव्हती. मुलगाही वाईट नव्हता. त्यानं आईचा भार कमी करायचा म्हणून सगळं आपल्याकडं ठेवलं. पण तिकीट, फोन, पैसे, पत्ता हे सगळं दुसऱ्याकडं असलं की बाई प्रवासी राहत नाही, बॅग होते. कुणी उचललं तर पुढं जाणार, नाहीतर तिथंच. म्हणून आमच्या गटाचा दुसरा ठराव असा होता. प्रत्येकीचं तिकीट तिच्या स्वतःच्या फोनमध्ये. ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांच्याकडं छापील कागद. प्रत्येकीकडं ५०० रुपये रोख, उतरायच्या ठिकाणाचा पत्ता आणि दोन मोबाईल नंबर, कागदावर लिहून, ब्लाउजच्या आतल्या पाकिटात. या मावशी फेब्रुवारीत आमच्याबरोबर होत्या. खूप समजूत घालावी लागली. मोपाला पट्ट्यापाशी त्याच बाकीच्यांना सांगत होत्या, "दाराकडं नाय जायचं अजून, आपल्या बॅगा येऊ दे."

आता पट्टा. वरच्या पडद्यावर विमानाचा नंबर येतो आणि त्यापुढं पट्ट्याचा नंबर. विमानाचा नंबर तुमच्या बोर्डिंग पासवर असतो, तो जुळवायचा. बॅगा फिरत येतात. सगळ्या बॅगा काळ्या, सारख्याच दिसतात. म्हणून घरून निघतानाच मुठीला लाल दोरा, जुन्या साडीची काठाची पट्टी काहीतरी बांधा. आम्ही सगळ्यांनी एकाच नऊवारीचा हिरवा काठ फाडून बांधला होता. लांबूनच ओळखू येत होतं. बॅग पुढं निघून गेली तर धावायचं नाही, पट्ट्यावर चढायचं नाही. ती गोल फिरून परत येते. ट्रॉली तिथंच असते, तिला पैसे पडत नाहीत.

आणि बॅग आलीच नाही तर? आमच्या एकीची आली नाही. पट्टा रिकामा फिरायला लागला, तिच्या डोळ्यांत पाणी. अशा वेळी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे बाहेर जायचं नाही. त्याच दालनात विमान कंपनीचं टेबल असतं. तिथं जाऊन पावतीचा छोटा कागद दाखवायचा आणि लेखी तक्रार नोंदवून घ्यायची. तिची प्रत आणि नंबर मागून घ्यायचा. तोंडी "हो हो, पाठवतो" यावर निघायचं नाही. बॅगेचा रंग, आत काय आहे, राहायचा पत्ता, फोन नंबर हे सगळं नीट लिहून द्यायचं. तिची बॅग मागंच राहून गेली होती, दुसऱ्या दिवशी राहत्या ठिकाणी आणून दिली. कागद हातात होता म्हणून पाठपुरावा करता आला. औषधं, दागिने, पैसे, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे ते याचसाठी. तिची रक्तदाबाची गोळी जवळ होती, त्यामुळं रात्र निभावली. पुढंही दाद मिळाली नाही तर विमान वाहतूक मंत्रालयाची एअरसेवा म्हणून तक्रार सेवा आहे, तिथं मोबाईलवरून तक्रार करता येते.

देशातल्या देशात प्रवास केला तर उतरल्यावर पासपोर्टची खिडकी, कस्टमची तपासणी असलं काही नसतं. टीव्हीत बघून काही जणींना वाटतं की आता प्रश्न विचारतील. कुणी विचारत नाही. बॅग घेतली की दार. पण दाराच्या आधी तीन कामं करून घ्या. स्वच्छतागृहाला जाऊन या, पाण्याच्या बाटल्या भरून घ्या आणि सगळ्या जणी मोजा. आम्ही बारा जणी होतो, प्रत्येकीला नंबर दिला होता. एक, दोन, तीन असं मोठ्यानं म्हणायचं. शाळेच्या सहलीसारखं झालं, लोक वळून बघत होते. बघू देत.

आता दाराबाहेर. गार हवेतून बाहेर आलात की गरम दमट हवा एकदम अंगावर येते. आपल्याला ती नवीन नाही, खाडीकाठची माणसं आपण. पण त्याच वेळी पाच-सहा जण "टॅक्सी, टॅक्सी, मॅडम कुठं जायचं" करत पुढं येतात. सुट्टीच्या गावात नवीन उतरलेला माणूस दमलेला असतो, त्याला भाव माहीत नसतो आणि घाई असते. सगळ्यात जास्त पैसे जातात ते इथं. म्हणून बाहेर पडायच्या आधीच कुठं जायचं आणि कशानं जायचं हे ठरलेलं हवं.

गोव्याच्या बाबतीत तर आणखी आधी, तिकीट काढतानाच एक गोष्ट बघायची. गोव्याला विमानतळ दोन आहेत. एक दाबोळीचा, वास्कोजवळ, दक्षिणेकडं. तो पोर्तुगीजांनी १९५५ साली बांधला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करताना भारतीय विमानांनी त्याच्याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते. आजही तो नौदलाचा तळ आहे, म्हणून तिथं विमानांचे, धावपट्टीचे फोटो काढायचे नसतात. दुसरा मोपाचा, पेडणे तालुक्यात, अगदी आपल्या सिंधुदुर्गाच्या सीमेला लागून. त्याला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. तिथून जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. तिकिटावर दाबोळीचं चिन्ह जीओआय आणि मोपाचं जीओएक्स असतं. एका अक्षराचा फरक, पण राहायची जागा मडगावला घेतली आणि उतरलात मोपाला, तर जवळजवळ अख्खा गोवा ओलांडून जावं लागतं. म्हापसा, कळंगूट, पेडणे, सावंतवाडी, बांदा या बाजूला जायचं असेल तर मोपा. मडगाव, वास्को, फोंडा या बाजूला दाबोळी. आपल्या माहेरवाशिणी, सावंतवाडी-दोडामार्गच्या, त्यांनाही मोपा जवळ पडतो.

मोपाहून गोवा सरकारची कदंबाची बस सुटते, पणजीला, म्हापशाला, मडगावला. आमच्या बारा जणींना तीच बरी पडली. बसवरची पाटी कोकणीत असली तरी ती देवनागरीत असते, आपल्याला वाचता येते. कंडक्टरशी मराठीत बोललात तर तो उत्तर देतो. टॅक्सी घ्यायची असेल तर विमानतळाच्या आतल्या प्रीपेड काउंटरवरून घ्या, पैसे भरून पावती घ्या, पावतीवरचा गाडीचा नंबर आणि समोरच्या गाडीचा नंबर जुळवा. आपल्याकडच्या ओला-उबरची सवय तिथं कामाची नाही, गोव्यात गोवामाइल्स नावाचं ॲप चालतं. गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरी किंवा गटाच्या ग्रुपवर पाठवा. अडचण आली तर ११२ नंबर गोव्यातही चालतो.

हे झालं उतरायचं. आता मनातलं थोडं बोलते.

आपण जिथून विमानात बसलो तो विमानतळ कुणाच्या जमिनीवर उभा आहे, हे आपल्याला सांगायला नको. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचं ओवळं. दहा गावं उठली. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. आमच्या बारा जणींतल्या तिघी त्या गावांतल्या. एकीनं काचेतून बोट दाखवून सांगितलं, "तिकडं आमचं खळं होतं." नंतर बराच वेळ ती काही बोलली नाही. तिकडं मोपाच्या पठारावरही पेडण्यातल्या गावांच्या जमिनी गेल्या, तिथल्या धनगर कुटुंबांना उठावं लागलं. म्हणजे ज्या दारातून निघालो आणि ज्या दारातून बाहेर आलो, दोन्हीकडं कुणाचं तरी शेत होतं. सुट्टीला जाताना हे सारखं डोक्यात घेऊन फिरायचं असं मी म्हणत नाही. पण त्या बाईनं स्वतःच्या पैशानं तिकीट काढून तिथून उडावं, आत येताना दबकून येऊ नये, हे मला फार मोलाचं वाटतं. जमीन गेलेल्या बाईनं विमानतळ फक्त कुंपणाबाहेरून बघायचा, हे बरोबर नाही.

गोव्यात गेल्यावरही आपण पाहुण्या आहोत हे विसरायचं नाही. आम्ही शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो. आमसुलं, मिरच्या, केळी, मातीची भांडी घेऊन बसलेल्या बहुतेक बायकाच. आपल्यासारख्याच पहाटे उठून आलेल्या. एकीनं घासाघीस सुरू केली, तेव्हा आमच्यातलीच दुसरी म्हणाली, "अगो, आपण स्टॉलवर बसतो तेव्हा असं कुणी केलं तर कसं वाटतं?" पुढं कुणी फार ताणलं नाही. आमसुलं कशी वाळवतात, किती दिवस टिकतात, पॅकिंग काय करतात, हे मात्र सगळ्यांनी विचारून घेतलं.

धंद्याचा विषय निघालाच आहे तर एक उपयोगाची माहिती. भारतीय विमानतळ प्राधिकरण जे विमानतळ स्वतः चालवतं, तिथं 'अवसर' नावाची योजना २०२२ पासून आहे. विमानतळाच्या आत १०० ते २०० चौरस फूट जागा बचत गटांना पाळीपाळीनं १५ दिवसांसाठी विक्रीला देतात. आपला नवी मुंबईचा आणि मोपाचा विमानतळ खासगी कंपन्या चालवतात, तिथं ही योजना लागू नाही. पण पुणे, कोल्हापूर, गोव्यातलं दाबोळी हे प्राधिकरणाचे आहेत. ज्या गटांकडं पापड, कोकम, मसाले, गोधडी, हातकाम असं टिकणारं, नीट पॅक केलेलं, लेबल लावलेलं उत्पादन आहे, त्यांनी आपल्या ग्रामसंघातून तिथल्या विमानतळ संचालकांच्या कार्यालयात चौकशी करावी. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षेचा नोंदणी नंबर पाकिटावर हवाच. विमानतळावर जाऊन एकदा स्वतः फिरून आलात की कळतं, घाईतला प्रवासी काय उचलतो. जे हलकं, न सांडणारं आणि भेट म्हणून देता येण्यासारखं असतं, ते उचलतो. आमच्या गटानं परत आल्यावर मसाल्याचं एक किलोचं पाकीट सोडून १०० ग्रॅमची पाकिटं सुरू केली, ती तिथं बघून.

आता काढा वही-पेन्सिल. पाच ओळी लिहा आणि पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा.

एक. ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच हवं.

दोन. तिकीट, फोन, थोडे पैसे, पत्ता आणि दोन नंबर माझे माझ्याजवळ.

तीन. उतरल्यावर आधी बॅगेचा पट्टा, मग दार. दाराबाहेर गेल्यावर परत आत नाही.

चार. बॅग आली नाही तर त्याच दालनात लेखी तक्रार, प्रत हातात घेतल्याशिवाय बाहेर नाही.

पाच. बस की टॅक्सी हे घरूनच ठरवून निघायचं. दारात ठरवायचं नाही.

गोव्याला जा असं माझं म्हणणं नाही. कुणाला तुळजापूरला जायचं असेल, कुणाला लेकीकडं नागपूरला, कुणाला दुबईत नोकरीला असलेल्या मुलाकडं. दुबईला पासपोर्ट आणि व्हिसा लागेल, उतरल्यावर दोन खिडक्या जास्त लागतील, एवढाच फरक. ते पुढं कधीतरी सविस्तर सांगेन. आज ज्या गटांत सहलीचा विषय नुसताच बोलण्यात आहे, त्यांनी एवढं करा. या महिन्याच्या बैठकीत वेगळी वही घाला, पहिल्या पानावर ठराव लिहा आणि प्रत्येकीचं ओळखपत्र तपासा. त्याला एक रुपयाही लागत नाही. काही अडलं तर पुढच्या बैठकीला मी येतेच आहे, तेव्हा विचारा.